तिसरं पाणी

थोरलीने चादरीचा कोपरा जिभेच्या टोकाला लावला आणि लगेच बाजूच्या नालीत थुंकली.

"तिसरं पाणी कुणी खाल्लं?"

मशिनांचा आवाज मोठा होता. त्याचा आधार घेऊन तिघांनीही ऐकू न आल्यासारखं केलं. रूळवाला वाफेच्या रुळात चादर सरकवत राहिला. धाकटी घड्यांवर वाकली. बडबडीला मात्र गप्प बसण्याची सवय नव्हती.

"पाणी काय खातात होय, ताई? पितात."

"मस्करी नकोय. सोडा लागतोय जिभेला."

"मग जीभ नका ना लावू! शनिवारी कुलूपच लागणार आहे इथे. चार दिवस राहिले. कुणाला पडलंय?"

हॉस्पिटलच्या तळघरातलं हे धुलाईघर. रोजच्या एकशेचाळीस चादरी इथे यायच्या, सोड्यात उकळायच्या आणि तीन पाण्यांतून निघायच्या. पहिल्या पाण्यात मळ जातो, दुसऱ्यात साबण. तिसऱ्यात जे जातं ते डोळ्याला दिसत नाही. ते न काढता चादर रुळाखाली घातली तर ती उलट जास्तच पांढरी, कडक, दिसायला झकास निघते. तिच्यावर दिवसरात्र पडून असलेल्या माणसाची पाठ तेवढी सोलते.

शनिवार संध्याकाळपासून हे सगळं बंद होणार होतं. चादरी बाहेरच्या कंपनीकडे जाणार, तिथून मोठ्या गाडीतून धुऊन येणार. तशी चिठ्ठी दारावर लागली होती. चिठ्ठी लागल्यापासून तिघांच्या हातातला जीवच गेला होता. चोरी म्हणावी तर एक थेंब कुणी घरी नेत नव्हतं. नुसतं तिसरं पाणी टाळायचं, की प्रत्येक घाण्यामागे वीस मिनिटं वाचायची आणि माणूस वीस मिनिटं लवकर सुटायचा.

"तुम्हा तिघांना मी वर नेऊन निजवलं होतं ना?" थोरली म्हणाली. "विसरलात?"

तो तिचा नियम होता. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला मशीन दाखवायचं नाही. वर वॉर्डात न्यायचं, मोकळ्या खाटेवर उताणं झोपवायचं, डोळे मिटायला लावायचे. पाव तास हलायचं नाही. मग विचारायचं, कुठे टोचतंय? पाच मिनिटं कुठेच टोचत नाही. दहाव्या मिनिटाला पाठीखालची सुरकुती दोरीएवढी होते. पाव तासाने तो माणूस खाली येतो तेव्हा त्याला चादर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. रूळवाला तेव्हा चक्क घोरायला लागला होता आणि सिस्टरने त्याला हाकलला होता. बडबडी पाव तास गप्प राहिली, ती आयुष्यात तेवढीच. धाकटी तीन महिन्यांपूर्वी आली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा थोरली घाबरली. "टोचलं का गं एवढं?" तर म्हणाली, "नाही हो. दिवसाउजेडी आडवी झालेच नव्हते कित्येक वर्षं."

"विसरलो नाही," रूळवाला रुळावरची नजर न काढता म्हणाला. "पण ताई, तुम्ही आम्हाला त्या खाटेवरच्या माणसाचं दुखणं शिकवलंत. आमचं दुखणं शनिवारी कोण बघणार?"

त्याच्या घरात खाणारी पाच तोंडं होती. थोरलीने अस्तन्या वर केल्या आणि ती पुढच्या घाण्याकडे वळली.

एक गोष्ट सांगितली असती तर तिघंही तासाभरात ताळ्यावर आली असती. तीच ती सांगत नव्हती. वर तीन नंबरच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर तिचा नवरा पाच दिवस पडून होता.

घरी मोरीत पडले. डावी बाजू गेली, वाचाही अर्धी गेली. ती रोज जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन वर जायची. वर चादरी मोजायला जाते, असं खाली सांगायची. त्या दिवशी तिने त्यांना कुशीवर वळवलं आणि सदरा वर केला. पाठीच्या खालच्या अंगाला तळहाताएवढी लाली होती. कातडी ताणलेली, फुटायच्या बेतात.

"काय... बघतेस?"

"काही नाही. पावडर लावते."

म्हाताऱ्याने शब्द शोधला. त्याला हल्ली एकेक शब्द अडगळीतून काढावा लागायचा. "चादर... चावते."

"हो ना?"

"चाळीस वर्षं... तू चावलीस." ओठाची उजवी बाजू हसली. "आता... चादर."

"गप बसा. लोक ऐकतील."

तिने तळहात चादरीवरून फिरवला. तिच्याच धुलाईघरातली, कडक, पांढरी, सोडा पोटात ठेवलेली. खाली जाऊन म्हणायचं होतं फक्त एवढंच, की बाबांनो, यावर माझा माणूस आहे. पण बारा वर्षांपूर्वी मोठ्या साहेबांची मेहुणी वर दाखल झाली होती तेव्हा साहेबांचा माणूस खाली आला होता. त्यांच्यासाठी मऊ चादरी वेगळ्या काढा, म्हणाला होता. "आमच्याकडे खाट बघून चादर धुत नाहीत," असं थोरलीने त्याला सगळ्यांसमोर सुनावलं होतं. ते वाक्य धुलाईघरात आजही चालायचं. थुंकलेलं चाटायचं कसं? आणि चाटून मागितलंच, तर शेजारच्या खाटेवरच्या शाळामास्तरचं काय? त्याच्या पाठीसाठी सांगणारं खाली कोण होतं?

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर ती एकटी थांबली. उद्याच्या सगळ्या चादरींना एकटीने तिसरं पाणी देणं शक्य नव्हतं. चाळीस जमल्या. ओली चादर अंगापेक्षा जड असते, आणि अंग आता साठीला टेकलं होतं. बुधवारीही थांबली. पन्नास झाल्या. त्या चाळिसांतली, पन्नासांतली कुठली त्यांच्या खाटेवर जाईल ते तिने पाहिलं नाही. गठ्ठे नेहमीसारखे गेले. बुधवारी खिडकीजवळच्या खाटेला मऊ चादर आली नाही, मास्तरला आली.

"यांना आज बरं वाटतंय," मास्तरची बायको आनंदाने म्हणाली. थोरली हो म्हणाली आणि नवऱ्याच्या पाठीला पावडर लावत बसली.

गुरुवारी धाकटी चादरींचा गठ्ठा घेऊन वॉर्डात आली आणि दारातच थबकली. थोरली म्हाताऱ्याला चमच्याने पेज भरवत होती. हनुवटीवरून ओघळलेली तिने पदराने टिपली. सिस्टर असं पदराने टिपत नाहीत.

"ताई, हे... आपले काका?"

"खाली बोलायचं नाही."

"किती दिवस झाले?"

"बोलायचं नाही म्हटलं ना?"

"नाही बोलणार. शपथ." धाकटीने गठ्ठा टेबलावर ठेवला, खाटेवरच्या चादरीला हात लावून पाहिला आणि विस्तवाला लागल्यासारखा मागे घेतला. मग निघून गेली.

बोलू नको म्हणून सांगितलेली गोष्ट जिना उतरायला किती वेळ घेते? त्या संध्याकाळी डॉक्टरांनी थोरलीला बाहेर बोलावून छातीत कफ भरलाय म्हणून सांगितलं, आणि ती खाली थांबलीच नाही. त्या दोन दिवसांनंतर पहिल्यांदाच सगळ्यांबरोबर निघाली. कुणी तिला काही विचारलं नाही. हे खरं तर तिच्या लक्षात यायला हवं होतं.

शुक्रवारी सकाळी ती नेहमीच्या वेळेला आली. तिन्ही मशिनं चालू. जमीन धुतल्यासारखी ओली. नालीतून पाणी वाहत होतं, त्याला फेस नव्हता. रूळवाल्याची बनियन पाठीला चिकटली होती. तिघांचेही डोळे झोप न झाल्यासारखे लाल होते.

"केव्हा आलात?"

"आत्ताच," बडबडी म्हणाली. पण भिंतीशी घड्यांचे पाच गठ्ठे उभे होते.

थोरलीने वरची चादर घेतली, कोपरा जिभेला लावला. काहीच लागलं नाही. दुसरी. मग मधली. मग पार खालची. नुसतं पाणी, तेही वाळून गेलेलं. तिने सावकाश तिघांकडे पाहिलं.

"त्यांच्यासाठी कुठली काढून ठेवलीय? खरं सांगा."

"कुठलीच नाही."

"धाकटे, तू बोलू नकोस, तू शपथा मोडतेस. रूळवाले, तुम्ही सांगा."

रूळवाल्याने कपाळ पुसलं. "काढणारच होतो एक. काल बसलो होतो बोलत. एक छान तीनदा-चारदा धुवू, म्हटलं, आणि गुपचूप वर पाठवू. पण तुम्ही ती घेणारच नाही. तुम्ही खाट बघत नाही."

"उचलाल कुठलीतरी दुसरीच," बडबडी म्हणाली. "आम्हाला काय माहीत कुठली उचलाल? मग काय, बसलो सगळ्याच धूत. एकशेचाळीस! तुमच्या एका नियमापायी कंबर मोडली माझी."

थोरली हसली नाही. तिने तोंड फिरवलं आणि रुळाची वाफ डोळ्यांत गेल्यासारखे डोळे पुसले. मग मधल्या गठ्ठ्यातून न बघता एक चादर ओढली, खांद्यावर टाकली आणि जिन्याकडे गेली. पहिल्या पायरीवर थांबली.

"उद्याच्याही अशाच व्हायला हव्यात."

"व्हायच्याच आहेत," रूळवाला म्हणाला.

शनिवारी झाल्या. संध्याकाळी रूळवाल्याने रूळ थंड होऊ दिला आणि कापडाने टोकापासून टोकापर्यंत पुसून घेतला, उद्या लागणार असल्यासारखा. बडबडीने तिन्ही मशिनांची झाकणं लावली. चिठ्ठी लावणारा माणूस येऊन कुलूप लावून गेला.

म्हातारा रविवारी गेला, दुपारच्या जेवणाच्या वेळेला, शनिवारच्या चादरीवर. पाठ फुटली नव्हती. सिस्टरने त्यांना पुसताना तसं मुद्दाम सांगितलं. "मावशी, पाठ स्वच्छ राहिली हो शेवटपर्यंत." थोरलीने मान हलवली.

त्यांना खाली शवागारात नेलं. मुलगा परगावाहून निघाला होता, पोचायला दोन तास होते. थोरलीने स्वतः खाटेवरची चादर काढली आणि झटकली. चादरींत लोकांच्या वस्तू राहतात; चष्मे, कवळ्या, एकदा एक लग्नातली अंगठी सापडली होती. काही पडलं नाही. तिने चारी टोकं आत घेऊन गुंडाळी केली आणि कंपनीच्या निळ्या पिशवीत टाकली.

वॉर्डबॉयने कंपनीची नवी चादर अंथरली. प्लास्टिकच्या आवरणातून काढलेली, दुधासारखी. तो गेल्यावर थोरलीने कोपरा उचलून जिभेला लावला. सोडा नव्हता. तळहात फिरवला. एक सुरकुती नव्हती. तिने पुन्हा फिरवला, जरा शोधतच.

मग तिने चपला काढल्या, खाटेखाली जोडून ठेवल्या आणि उताणी झोपून डोळे मिटले.

सिस्टर आली. ओरडणार होती, ओरडली नाही. शेजारचा मास्तर भिंतीकडे तोंड करून होता. पाव तासाने सिस्टरने हळूच विचारलं,

"मावशी, टोचतंय का कुठे?"

"नाही," थोरली डोळे न उघडता म्हणाली. "चांगली धुतलीय."

ती खाटेच्या एका कडेला झोपली होती, अगदी काठावर. घरी झोपायची तशीच, दुसऱ्याची जागा सोडून.