सव्वीस घरांचा डावा हात

कामिनी आधी सीताबर्डीत साडीच्या दुकानात होती. दिवसभर साड्या उलगडायच्या आणि गिऱ्हाईक "पाहून येतो" म्हणून निघून गेलं की परत घड्या घालायच्या. एप्रिलमध्ये तिनं ते सोडलं आणि आरोग्याचा सर्वे करणाऱ्या एका संस्थेत लागली. काम सोपं वाटलं होतं. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, वस्तीत दारोदार जायचं आणि विचारायचं: डेंग्यू कशानं होतो, हात कधी धुता, घरात कोण आजारी, औषध वेळेवर मिळतं का, नड कुठं येते. एकूण शहाऐंशी प्रश्न. प्रत्येकाखाली एक, दोन, तीन, चार असे पर्याय.

तिच्या वाट्याला जरीपटक्याच्या मागची हवालदार गल्ली आली. सव्वीस घरं, आणि मे महिन्याचं ऊन असं की चप्पल डांबराला चिकटावी. पहिलंच घर तुळसाबाईचं. साठीची बाई, आवाज लाउडस्पीकरचा. तिनं कामिनीला कूलरसमोर बसवलं, माठातलं पाणी दिलं आणि स्वतः बाबासाहेबांच्या फोटोखाली परीक्षेला बसल्यासारखी ताठ बसली.

"आपण मलविसर्जनोत्तर हस्तप्रक्षालन करता काय?" कामिनीनं टॅबवरचं वाचलं. प्रश्न कुणी लांबच्या शहरात एसीत बसून मराठीत आणले होते.

तुळसाबाईनं डोळे बारीक केले. "हे कोणती भाषा होय वं?"

"संडासहून आल्यावर हात धुता का, मावशी?"

"मंग असं विचार ना! मी म्हटलं काही पूजापाठ सांगून राहिली."

मग गाडी सुरळीत चालली. कामिनी पर्याय मोठ्यानं वाचायची, तुळसाबाई "दोन नंबर" किंवा "एक नंबर" सांगायची. कूलरचं पाणी दर रविवारी बदलते. घरात गरोदर कोणी? हाव, सून रोशनी, सहावा महिना. वर्षभरात अपघात? हाव, कूलरला नवी खस लावता लावता तुळसाबाई स्वतःच स्टुलावरून पडली, डावा हात मोडला. औषधात काही नड? "नाही, एक नंबर," तुळसाबाई म्हणाली, जरा घाईनंच. शेजारची मैनाबाई दारातच उभी राहून सगळं ऐकत होती. हातात पापडाचं पीठ होतं, पण पीठ मळणं केव्हाच थांबलं होतं.

शेवटी संस्थेच्या नियमाप्रमाणे कामिनीनं एक साबणाची वडी दिली.

"म्हणजे पास झाली मी?" तुळसाबाईनं विचारलं.

बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. कामिनी चपला घालता घालता म्हणाली, "हो हो मावशी, पास!"

एवढा एक शब्द तिला महागात पडला.

मधले दोन दिवस ऑफिसात मीटिंग होती. सोमवारी ती गल्लीत परतली तेव्हा लोक जणू तिचीच वाट पाहत होते. पहिला भेटला संघपाल. हिंगण्याच्या कंपनीत पाळीत काम करणारा, एकटा राहणारा, एकोणतीस वर्षांचा पोरगा. तिनं टॅब उघडायच्या आत त्यानं सुरू केलं.

"लिहा ताई. एकचं दोन. दोनचं एक. तीनचं चार. चारचं दोन..."

"अहो, प्रश्न तर वाचू द्या."

"काहून टाइम खराब करता? मले पाळीवर जायचं आहे."

कामिनीला कळायला हवं होतं. खरं तर कळलंच होतं, पण अर्धवट. शुक्रवारपर्यंत सव्वीस घरं पूर्ण करायची होती, घामानं ओढणी पाठीला चिकटली होती आणि समोर माणूस आकडे म्हणत होता. ती बोटं दाबत गेली. नानाजींकडे तेच. नानाजी उमरेडला हातमागावर होते, आता सीताबर्डीत एका कॉम्प्लेक्सवर चौकीदार. ते बायकोला शेजारी बसवून आकडे म्हणत होते, आणि एखादा चुकला की बायको कोपरानं ढोसायची. मैनाबाईनं तर डोळे मिटून शहाऐंशीच्या शहाऐंशी उत्तरं एका दमात म्हटली, आणि हात पुढं केला, "साबण."

दीड दिवसात गल्ली संपली. कामिनीनं सगळं ऑफिसला पाठवलं आणि रस्त्यात उसाचा रस प्यायली. आपण या कामासाठीच जन्मलो, असं तिला चौथ्या घोटापर्यंत वाटत होतं. पाचव्याला फोन वाजला.

"कामिनी मॅडम," मार्तंड सर म्हणाले. ते तिचे सुपरवायझर, फार हळू बोलणारे. "तुमच्या गल्लीत सव्वीस घरं आहेत."

"हो सर."

"सव्वीस घरांत सव्वीस माणसं स्टुलावरून पडली. सगळ्यांचा डावा हात मोडला."

कामिनीनं ग्लास खाली ठेवला.

"शिवाय प्रत्येक घरात एक बाई सहा महिन्यांची गरोदर आहे. संघपाल नावाच्या माणसाच्या घरी पण आहे. तो एकटा राहतो, असं तुम्हीच लिहिलंय. घरी बसून फॉर्म भरले का?"

"नाही सर, शपथ!"

"उद्या दहा वाजता मी स्वतः येतो. मग पाहू, तुम्हाला ठेवायचं की नाही."

कामिनी तशीच गल्लीत धावली. तुळसाबाईच्या दारात तिला उलगडा झाला. मैनाबाईनं त्या दिवशी सगळे आकडे कॅलेंडरच्या पाठीवर उतरवले होते आणि त्याचा फोटो गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. वर लिहिलं होतं, 'तुळसाबाई पास झाली, हे पाहून सगळ्यांनी पास व्हा.' साबण मिळतो हे खरं निघाल्यावर, पहिल्या नंबराला कूलर मिळतो अशी बातमी आपोआपच आली.

"मावशी, ही परीक्षा नव्हे! यात पास-नापास काही नाही!"

"तूच म्हटलं ना पास म्हणून."

"माझी नोकरी चालली! उद्या सर येणार. एवढे डावे हात कुठून आले, विचारतील!"

तुळसाबाईनं मैनाबाईकडं पाहिलं. मैनाबाईनं तुळसाबाईकडं पाहिलं. दोघींच्या चेहऱ्यावर एकदमच दया उमटली, आणि ती पाहून कामिनीनं घाबरायला हवं होतं.

"तू घरी जा पोरी," तुळसाबाई म्हणाली. "तुह्या नोकरीले आम्ही काही होऊ देत नाही."

दुसऱ्या दिवशी दहाला मार्तंड सर स्कूटरवरून उतरले, हेल्मेट काढलं आणि तसेच उभे राहिले. त्यांच्या मागं कामिनी उभी होती. तिच्या तोंडून "अरे बाप्पा" एवढंच निघालं.

सगळी गल्ली ओट्यावर बसली होती आणि प्रत्येक घरच्या एकेका माणसाचा डावा हात गळ्यात बांधला होता. कुणाचा ओढणीत, कुणाचा टॉवेलात, एकाचा तर उशीच्या खोळीत. नानाजींचा मात्र उजवा होता.

"तुमचा डावा मोडला होता ना?" सरांनी विचारलं.

नानाजींनी हाताकडं पाहिलं. "आरशात पाहून बांधला साहेब. उलटा झाला."

सर थेट मैनाबाईच्या घरात शिरले. आत पलंगावर पिवळ्या साडीतली गरोदर बाई बसली होती. "माही भाची," मैनाबाई म्हणाली. पुढं नानाजींच्या घरात पिवळ्या साडीतलीच एक गरोदर बाई होती, डोक्यावर पदर घेतलेला. तिसऱ्या घरात पिवळी साडी, वरून हिरवी ओढणी. चौथ्या घरात शिरताना सरांना मागच्या दारानं धावत येणाऱ्या चपलांचा आवाज ऐकू आला. पाचवं घर संघपालचं. तिथं रोशनी खुर्चीत बसून धापा टाकत होती आणि संघपाल रजिस्टरच्या पुठ्ठ्यानं तिला वारा घालत होता.

"या कोण?" सर म्हणाले.

"ह्या..." संघपालला घाम फुटला. "भाडेकरू आहेत."

"माझ्यानं आता होत नाही वं आत्या!" रोशनी खिडकीतून सासूला ओरडली. "अजून एकवीस घरं आहेत. या साहेबाले म्हणा, इथंच बसून सगळ्या घरची मोजा!"

सर बाहेर आले. ते आता हळू बोलत नव्हते. "सगळं खोटं! हात खोटे, बाई खोटी. कूलरचं पाणी दर रविवारी बदलतो म्हणता, तेही खोटंच असणार!"

"ते खरं आहे," मैनाबाई छातीवर हात ठेवून म्हणाली. तो डावाच हात होता, झोळीतून निघालेला. "दर रविवारी बदलवते मी."

इथपर्यंत गल्लीची एकी अभंग होती. पण तुळसाबाईला एक गोष्ट पचत नसे, ती म्हणजे मैनाबाईनं स्वच्छतेचा मोठेपणा घेणं.

"कोणाचं पाणी बदलवते वं तू? तुह्या कूलरमध्ये बेडूक राहते! मागच्या वर्षीपासून राहून राहिला, त्याचं आधार कार्ड निघालं असन आतापर्यंत!"

"माह्या घरी बेडूक? अन तुह्या गच्चीवरचे टायर? त्यातले डास सगळ्या गल्लीले चावतात!"

"टायर नानाजीचे होय!"

"माहे काहून? मी तर ते संघपालच्या भावाले दिले!"

मग कोणी कोणाला आवरेना. कोण हात न धुता पोळ्या लाटतं, कोणाच्या पोराला गेल्या पावसाळ्यात डेंग्यू झाला आणि 'नजर लागली' म्हणून लपवला, कोण ताप आला की दवाखाना सोडून मेडिकलवाल्याकडून लाल गोळी आणतं, सगळं भर उन्हात ओट्यावर आलं. साडीच्या दुकानात कामिनीनं हे रोज पाहिलं होतं. बाई स्वतःचं बजेट कधी खरं सांगत नाही, पण शेजारणीनं काय घेतलं ते पदरासकट सांगते. तिनं टॅबवर कोरे फॉर्म उघडले आणि भिंतीला टेकून लिहायला लागली. सर तिच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"प्रश्न एकतीस, टायरवाला," ते पुटपुटले. "लिहिलं का?"

"लिहिलं सर. बेडूक कुठं टाकू?"

"इतर."

भांडण टिपेला पोचलं तेव्हा मैनाबाई किंचाळली, "अन तू लय शहाणी ना! बीपीची गोळी अर्धी तोडून खाते, ते बी एक दिवसाआड! सांग ना साहेबाले! मागच्या महिन्यात मोरीत चक्कर येऊन पडली, कोणी उचललं तुले?"

कुणाच्या तरी कूलरची मोटर तेवढी घरघरत होती.

तुळसाबाई खाली बसली. आवाज लहान झाला. "अर्धी गोळी बी अर्धं काम करतेच ना. दवाखान्यात आठपासून लाईन असते. पाणी साडेआठले येते. या दिवसांत रोशनीनं हंडे उचलावे का? गोळ्यांच्या एका पत्त्याले जेवढे दिवस ओढता येतील तेवढे ओढते."

रोशनी दारात उभी होती. तिला हे माहीतच नव्हतं. "आत्या, तुम्ही मले तर म्हटलं होतं गोळी बंद झाली म्हणून," ती म्हणाली आणि पदराचं टोक तोंडात धरलं.

कामिनीला पहिल्या दिवशी घाईत दिलेलं 'एक नंबर' हे उत्तर आठवलं. आपणही ते घाईतच दाबलं होतं. तिनं टॅब खाली ठेवला.

"अशा अर्ध्या गोळ्या अजून कोणाच्या घरी चालतात?" तिनं विचारलं. "खरं सांगा. साबण सगळ्यांना आहेच."

मग नानाजींनी हात वर केला. मग त्यांच्या शेजारच्यानं, उशीच्या खोळीतला. तुळसाबाईला धरून अकरा झाले. मार्तंड सरांनी दोनदा मोजले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "माही आई बी असंच करते." त्यांना नागपुरी येते, हे कामिनीला तेव्हाच कळलं.

नोकरी टिकली. कामिनीनं सव्वीसच्या सव्वीस फॉर्म पुन्हा भरले, त्याला आठवडा लागला. आधी शेजाऱ्याबद्दल विचारायचं आणि मग घरच्यांना म्हणायचं, "तुमच्याबद्दल असं ऐकलं, खरं का?" लोक तावातावानं खरं सांगत. सरांनी अकरा घरांची यादी घेऊन वस्तीच्या दवाखान्यात खेटे घातले. तिथल्या डॉक्टरबाईंनी, बीपीच्या गोळ्या बुधवारी दुपारी चारला देऊ, असं कबूल केलं. चारला नळ नसतो आणि लाईनही छोटी असते.

पहिल्या बुधवारी मैनाबाईनं तुळसाबाईला ई-रिक्षात बसवून नेलं. कामिनी मुद्दाम पाहायला गेली. दोघी बाकावर चिकटून बसल्या होत्या.

"गोळी पुरी खायची," मैनाबाई बजावत होती. "रोज. मी दारात उभी राहून पाहीन."

"तू आधी तुह्या घरात पाह्य," तुळसाबाई म्हणाली, पण मैनाबाईचा हात तिनं धरून ठेवला होता. डॉक्टरबाईंनी नाव पुकारलं तशा दोघी एकदमच उठल्या, आणि नंबर नेमका कोणाचा यावरून दारातच त्यांची जुंपली.