डब्यातला सूर्य

आमची नात ऋतिका लोणी काळभोरच्या एका कॉलेजात फोटोग्राफी शिकते. जे आम्ही अंधाऱ्या खोलीत मालकाच्या शिव्या खाऊन शिकलो, ते ती एसी वर्गात बसून शिकते. चालायचंच.

एकवीस जूनला ती आमच्या गॅलरीत आली, हातात कोल्ड्रिंकचा रिकामा डबा. डब्याला सुईनं भोक पाडलेलं, आत फोटोचा कागद. म्हणाली, "आजोबा, हा कॅमेरा. गजाला बांधतेय. एकवीस डिसेंबरपर्यंत हात लावायचा नाही."

"लेन्स?"

"नाही."

"शटर?"

"नाही."

"मग डबाच म्हण की."

रोज सूर्य उगवणार, वर चढणार आणि त्याची एकेक रेघ कागदावर उमटत जाणार, असं तिचं म्हणणं. जानेवारीच्या प्रदर्शनात तिला एकाच फोटोपुरती जागा मिळाली होती आणि तिथे हाच लागायचा होता. पुन्हा काढायची सोय नव्हती. समोरच्या प्लॉटवर बावीस मजली इमारत चढत होती. ती पुरी झाली की आमच्या गॅलरीतून सूर्य उगवताना दिसणं कायमचं बंद.

मी यज्ञेश्वर दातार. मार्केट यार्डाजवळ एक्केचाळीस वर्षं स्टुडिओ चालवला. "पापणी हलवू नका" हे मी जितक्या वेळा म्हटलंय, तितक्या वेळा देवाचं नाव घेतलं नसेल. माझ्या लेखी फोटो म्हणजे सेकंदाचा सव्वाशेवा भाग. सहा महिने म्हणजे मुक्काम.

तरी डबा सांभाळला. कबुतरं हाकलली. त्या गजावर आमच्या सौभाग्यवतींना, म्हणजे श्यामलाला, पंचासुद्धा वाळत घालू दिला नाही. "डब्याला जपताय तेवढं मला जपलं असतंत तर," ती म्हणाली. म्हटलं, "तू सहा महिने एका जागी बसून दाखव." त्यावर दोन दिवस अबोला झाला. दिवस बरे गेले.

एकवीस डिसेंबरला ऋतिकाचा फोन. "आजोबा, हडपसरला ट्रॅफिकमध्ये अडकलेय. डबा गजावरून सोडून ठेवा, पण उघडू नका. आणि कागद धुवायचा नसतो हं, तसाच स्कॅन करायचा असतो."

कागद धुवायचा नाही! खुळी की काय ही पोरगी? औषधात धुतल्याशिवाय फोटो होतो, हे हिला शिकवलं कुणी? अज्ञानापायी ही सहा महिने पाण्यात घालवणार, असं मला अगदी मनापासून वाटलं. माळ्यावरून ट्रे काढले. जपून ठेवलेल्या पुडीतला डेव्हलपर कालवला. बाथरूममध्ये लाल दिवा लावला आणि डबा उघडला.

फोटो आधीच उमटलेला होता.

निगेटिव्ह वाचायची डोळ्यांना सवय आहे माझ्या. फिकट कागदावर गडद रेघा, शंभराच्या वर, एकीला चिकटून एक, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. पावसाचे दिवस कोरे. खाली ती इमारत, पुसट, मजल्यावर मजला चढलेली. आणि ती जसजशी चढली, तसतशी प्रत्येक रेघ जरा उशिरा सुरू झालेली. शेवटच्या रेघा वरच्या काठाशी, जेमतेम बोटभर. आमच्या घरचा सूर्य कसा कसा गेला, ते सगळं एका कागदावर. अरे देवा, काय फोटो होता तो! मी स्टुलावर बसलोच.

तेव्हाच तो डब्यात परत ठेवायला हवा होता. पण मला वाटलं, न धुता एवढा आलाय, तर धुतल्यावर काय येईल! ट्रेमध्ये सोडला.

सहा महिने ऊन खाल्लेला कागद तो, औषध लागताच चार सेकंदांत सगळाच काळा. पार तव्याच्या बुडासारखा.

ऋतिका आली. तिनं कागद पाहिला, ट्रे पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"चुकलो गं," मी म्हटलं. "तू सांगितलं होतंस."

ती "हं" म्हणाली आणि तिथेच उभ्या उभ्या तिच्या सरांना फोन लावला. "सर, माझी जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या. कागद खराब झाला. नाही नाही, माझ्याच हातून."

माझ्याच हातून! मी फोन काढूनच घेतला तिच्याकडून.

"नमस्कार. मी यज्ञेश्वर दातार, तिचा आजोबा. कागद मी घालवला. तिनं बजावलं होतं, तरी धुतला."

सर म्हणाले, "स्टुडिओवाले दातार? अहो काका, माझा दहावीच्या फॉर्मचा फोटो तुम्हीच काढलेला."

"नीट आला होता?"

"उत्तम आला होता."

"हा त्याहून चांगला होता," मी म्हटलं. "मी काढलेल्या सगळ्यांहून चांगला होता. आणि माझ्याशिवाय तो कुणी पाहिला नाही."