त्या सकाळी न सापडलेला पाना

जुन्या हत्यारांच्या डब्यात हात घातलात तर मी सगळ्यांत शेवटी हाताला लागेन, कारण मी इतका पातळ आहे की तळाशी चिकटून राहतो. मित्रांनो, मी सायकलचा कोन पाना आहे. सायकलच्या चाकाच्या मधोमध लोखंडी आस असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना गोल छर्रे बसवतात आणि ते जागेवर राहावेत म्हणून वरून कोन नावाचा निमुळता तुकडा फिरवून लावतात. बाहेरचा नट आवळताना हा कोन हलता कामा नये. पण त्याला धरायला जागा फार थोडी असते. जाड पाना तिथं शिरत नाही, तिथं मीच लागतो.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यातला. मल्लिनाथनं मला सोलापूरच्या बाजारातून अणदूरला आणलं. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान गावाबाहेर, माळावरच्या वस्त्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला होतं. मागच्या बाजूला दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको नागम्मा राहत. मल्लिनाथ कामाला सावकाश होता. चाक बसवलं की तो ते बोटानं फिरवायचा, डोळे मिटायचा आणि कान लावून ऐकायचा. आवाज आला तर पुन्हा उघडायचा. गिऱ्हाईक कुरकुरलं तरी तो घाई करत नसे. खंडेनवमीला सगळी हत्यारं धुऊन मांडायचा आणि पहिलं कुंकू मला लावायचा. मला त्याचा अभिमान वाटायचा. आज तो अभिमान आठवला की लाज वाटते.

गुंडाप्पा नावाचा धनगर मल्लिनाथचा मित्र होता. त्याची मेंढरं होती, पण पंचक्रोशीत त्याचं नाव होतं ते वेगळ्याच कामासाठी. कुणाची गाय किंवा म्हैस विताना अडली की लोक गुंडाप्पाला बोलवायचे. तो सायकलवर टांग टाकून निघायचा आणि दोन जीव मोकळे करून यायचा. त्याची बायको बानूबाई त्याला नेहमी म्हणायची, परक्याच्या जनावरापायी एवढं धावू नका.

बारा वर्षांपूर्वी एके दिवशी त्याच्या सायकलचं पुढचं चाक खरखरायला लागलं, म्हणून त्यानं ती दुकानात टाकली. मल्लिनाथनं चाक उघडलं, झिजलेले छर्रे काढले आणि नवे सकाळी बसवू म्हणून काम थांबवलं. त्या संध्याकाळी मी फळीवरून घसरलो आणि भिंतीशी पडलेल्या गोणपाटाच्या घडीत जाऊन पडलो.

सकाळी गुंडाप्पा धावतच आला. माळावरच्या वस्तीवरून फोन आला होता. गाय पहाटेपासून अडली होती.

"लवकर कर, मल्लिनाथ. वासराचं पाय दिसायलेत म्हणं."

मल्लिनाथनं ग्रीस भरलं, नवे छर्रे बसवले, कोन फिरवला आणि मला शोधायला लागला. डबा उपडा केला. फळीखाली वाकून पाहिलं. त्याची बोटं गोणपाटाच्या कडेपर्यंत आली. माझ्यापासून ती वीतभर अंतरावर होती. गोणपाट नुसतं झटकलं असतं तरी मी खणकन खाली पडलो असतो. पण गुंडाप्पा दारात एकसारखा घड्याळ बघत होता. मल्लिनाथनं हात मागे घेतला आणि पक्कड उचलली.

पक्कड चांगली असते, पण ती या कामाची नव्हे. तिनं धरलेला कोन निसटला, त्याच्या कडा खरवडल्या आणि नट नीट आवळला गेला नाही. मल्लिनाथला ते कळलं होतं. तरी त्यानं चाक फिरवून, कान लावून ऐकलं नाही.

"आता जा," तो म्हणाला. "सांजच्याला परत आण, नीट बसवून देतो."

सायकल दुपारीच परत आली. ती चार माणसांनी उचलून आणली होती आणि त्यांत गुंडाप्पा नव्हता. ओढ्याच्या उतारावर तो पडला, पुलाच्या दगडावर डोकं आपटलं आणि तो तिथंच गेला. गाय मात्र आपली आपणच व्याली. उतारावर कुत्रं आडवं आलं असणार, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी तेच धरलं.

लोक गेल्यावर मल्लिनाथनं पुढचं चाक सोडवलं आणि उघडलं. कोन चाकाबरोबर फिरत फिरत आत घट्ट बसला होता. छर्ऱ्यांचा चुरा झाला होता. उतारावर चालत्या सायकलचं चाक जागीच जाम झालं होतं. मल्लिनाथ भिंतीला टेकून खाली बसला, तेव्हा त्याच्या पाठीशी गोणपाट सरकलं आणि मी त्याच्या मांडीजवळ पडलो. त्यानं मला पाहिलं. मित्रांनो, त्या नजरेपुढे मी वितळून गेलो असतो तर बरं झालं असतं.

ही गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. सायकल त्यानं पुढच्या चाकाशिवाय बानूबाईच्या घरी पोचवली. चाक वाकलंय, टाकून दिलंय, असं सांगितलं. पण त्यानं ते टाकलं नव्हतं. महिन्याभरात दुकान बंद केलं आणि तुटक्या छर्ऱ्यांसकट ते चाक आतल्या भिंतीला खिळ्यावर टांगलं. मला खालच्या फळीवर ठेवलं.

रोज दिवेलागणीला तो बंद दुकानात येऊन बसायचा आणि ते चाक हातानं फिरवायचा. चाक दाताखाली खडा यावा तसं करकरत फिरायचं आणि थांबायचं. तो पुन्हा फिरवायचा. कधी मला उचलून कोनाला लावायचा, पण फिरवायचा नाही. बाहेरच्या रस्त्यानं जाणाऱ्यांना तो आवाज ऐकू येई. माळावरच्या बाया त्या वेळी तिकडून यायला घाबरायला लागल्या. गुंडाप्पा अजून सायकलवरून जातो, असं गावात बोललं जाऊ लागलं. नागम्माच्या कानावरही ते आलं. तिनं नवऱ्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, लोकांना उद्योग नाहीत. माझ्यावर गंज चढत गेला.

यंदाच्या उन्हाळ्यात दुकानाचं दार कुणीतरी वाजवलं. गुंडाप्पाची मुलगी करिश्मा आली होती. बाप गेला तेव्हा ती अकरा वर्षांची होती. आता तिला माळावरच्या वस्तीतल्या अंगणवाडीत काम मिळालं होतं. तिकडं एसटी जात नाही. बापाची सायकल गोठ्यात उभी होती, ती घरच्या घरी दुरुस्त करायचं तिनं ठरवलं होतं. मोबाइलवर बघून तिनं हत्यारांची नवी पेटी मागवली होती. ती पेटी उघडून तिनं विचारलं, यातलं काय काय लागेल, आणि पुढचं चाक जुन्यात कुठं मिळेल का.

बोलता बोलता तिची नजर भिंतीवर गेली. चाकाच्या तारांत बारीक निळी लोकर गुंडाळलेली होती. ती तिनंच लहानपणी बापाच्या चाकाला गुंडाळली होती.

मल्लिनाथला खोटं बोलता आलं असतं. मला वाटलं, तो बोलेल.

"तुजा बाप कुत्र्यापायी न्हाय पडला," तो म्हणाला. "चाक म्या बसवलं व्हतं. पाना सापडंना म्हणून पक्कड लावली."

करिश्मानं विचारलं, "तुम्हाला कधी कळलं, काका?"

"त्याच दिवशी."

तिनं पेटी तिथंच टाकली आणि ती निघून गेली. आतल्या दाराशी नागम्मा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. त्या दिवशी त्या घरात चूल पेटली नाही.

चौथ्या दिवशी करिश्मा परत आली. बरोबर बानूबाई होती. मल्लिनाथ उठून उभा राहिला. बानूबाई खाली बसली नाही. तिनं नागम्मानं पुढं केलेलं पाणीही घेतलं नाही.

"बारा वर्सं म्या माज्या मालकालाच बोल लावला," ती म्हणाली. "परक्याच्या गाईसाठी आंधळ्यावानी सायकल हाणली आन आमाला उघड्यावर टाकलं म्हणून. त्यांच्या फोटूला हार घालताना बी मनात राग व्हता. पाना न्हाय घावला, ते म्या समजून घेतलं असतं, अण्णा. पर तुमी मला माज्याच माणसावर रागवू दिलं."

मल्लिनाथनं हात जोडले. ती त्या जोडलेल्या हातांकडे न बघता म्हणाली, "पोरीला काम दाखवा. तुमी चाकाला हात लावू नका."

मग तो दोन्ही हात पाठीशी बांधून उभा राहिला आणि करिश्मा जमिनीवर बसली. तो फक्त सांगत होता. तिच्या पेटीतले निम्मे पाने त्यानं बाजूला ठेवायला लावले, कारण ते जाड होते. बाहेरच्या नटासाठी एक घट्ट बसणारा पाना ठेवायला सांगितला. फिरकी फिरवून तोंड लहानमोठं होणारा पाना नको, तो निसटतो. ग्रीस, रॉकेलची वाटी, छर्रे उचलायला चिमटा, सांडले तर घरंगळू नयेत म्हणून काठाचं ताट, जुनं धोतराचं फडकं. छर्रे सगळे नवे आणि एकाच मापाचे, जुन्यात नवे मिसळायचे नाहीत. कडा खरवडलेला कोन फेकून दुकानात उरलेल्या मालातला नवा घ्यायचा.

"आन कोन धरायला?" करिश्मानं विचारलं.

त्यानं मानेनंच माझ्याकडे दाखवलं.

तिनं मला रॉकेलमध्ये घासलं. बारा वर्षांचा गंज फडक्यावर उतरला. तिनं बोटांनी चुरा काढला, छर्रे बसतात त्या चाकातल्या वाट्या पुसल्या, एका बाजूला दहा आणि दुसऱ्या बाजूला दहा छर्रे ग्रीसमध्ये बसवले. मग मी नव्या कोनाला धरलं आणि तिनं बाहेरचा नट आवळला. मी हललो नाही. मित्रांनो, एवढ्या ताकदीनं मी आयुष्यात कधी काही धरलं नव्हतं.

चाक घेऊन मायलेकी निघाल्या, तेव्हा करिश्मानं मलाही पेटीत टाकलं. मल्लिनाथ दारात उभा होता. बानूबाईनं त्याला माफ केलं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. तिनं मागे वळून पाहिलं नाही. पण घरी गेल्यावर ती गुंडाप्पाच्या फोटोपुढं बसली आणि खूप वेळ त्याच्याशी हळू आवाजात बोलत राहिली. काय बोलली, ते मी कुणाला सांगणार नाही.

आता मी त्याच घरात असतो. करिश्मा रोज सकाळी ओढ्याचा उतार उतरून वस्तीवर जाते. ती परत येईपर्यंत मला चैन पडत नाही. मल्लिनाथनं पुन्हा दुकान उघडलं नाही, असं ऐकतो.

मित्रांनो, काम झालं की प्रत्येक हत्यार पुसून जागच्या जागी ठेवा. नाही सापडलं, तर काम थांबवा आणि समोरच्याला थांबायला सांगा. तो रागावला तर रागावू द्या. आणि इतकं करूनही तुमच्या हातून चूक झालीच, तर ती भिंतीला टांगून ठेवू नका. ज्याचं नुकसान झालं, त्याच्या दारी त्याच दिवशी जा आणि सांगा.