मेरिटोरियस उन्नती

या, असे पुढे सरकून बसा, टाळ खाली ठेवा. निर्मळच्या सदानंदबुवांना एका इंग्रजी विशेषणानं कसा घाम फोडला, ते ऐका.

बुवा एरवी वालीवच्या कारखान्यात कारकून, श्रावणात कीर्तनकार. अठ्ठ्याण्णव साली सप्ताहाचा मांडव जयवंतशेटांनी घातला आणि बुवांना एकच अट घातली. "मध्यंतरात बुक्का लागला की जाहीर करायचं, आमची पोर उन्नती मेरिटोरियस आहे. इंग्रजीतच हं! बोरिवलीचे पाहुणे येतायत."

"मेरिटमध्ये आली का शेट?"

"दहावीत बावन्न टक्के. पण शब्द वजनदार आहे ना!"

बुवांनी शब्दकोश काढला. 'गौरवास पात्र, विशेषतः कार्य, सेवा.' नारदाच्या गादीवर उभं राहून खोटं बोलणार नाही, असं गुरूला वचन दिलेलं. खरं बोलावं, तर पुढच्या श्रावणात गादीवर दुसराच कुणी.

कीर्तन रंगलं. पूर्वरंग संपला, बुवांना बुक्का लागला, गळ्यात हार पडला. पहिल्या रांगेत शेट खाकरले.

बुवांनी चिपळ्या वाजवल्या. "मंडळी, मेरिटोरियस हे विशेषण कुणालाही डकवायचं नसतं. आधी काम लागतं. मारुतीराय समुद्र ओलांडून गेले, तेव्हा मेरिटोरियस. त्याआधी नुसतंच शेपूट होतं!"

मांडव खदखदून हसला.

"बुवा, पोरीचं बोला!" शेट ओरडले.

"पोरीलाच विचारू. ये गं उन्नती. काय केलंस तू?"

उन्नतीनं माइक धरला. तिचे कान लाल झाले होते. "काही नाही. गणितात पस्तीस, तेही ग्रेसचे. असलं कौतुक नको म्हणून पप्पांना सांगून दमले."

"अगं बया, खरं बोलनारी पोर हाय!" फुलवाली मालूआजी मागून ओरडली. शेटांचा चेहरा एरंडेल प्याल्यासारखा.

बुवांनी गळ्यातला हार काढून उन्नतीला घातला. "भर मांडवात, बापासमोर, पाहुण्यांसमोर आपले मार्क खरे सांगितले. हे काम लंकेत उडी मारण्याइतकं अवघड. आता गादीवरून सांगतो, उन्नती मेरिटोरियस आहे!"

शेट ताडकन उठले. "ऐकलंत ना पाहुणे? इंग्रजीत म्हणाले!" आणि पुढच्या श्रावणाची तारीख त्यांनी तिथंच बुवांकडून पक्की करून घेतली.

तेव्हा बाबांनो, कुणाची वाहवा करायची वेळ आली, की तोंड उघडण्याआधी या पोरीची आठवण काढा.