नैसर्गिक विभागातलं निळं तळं

गावाबाहेरचं मिठाचं तळं उन्हाळा सरत आला की, म्हणजे इथे मार्चमध्ये, गुलाबी होतं, हे वेरिंबुलमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ठाऊक नव्हतं ते फक्त मेलबर्नहून आलेल्या परीक्षकांना.

फोटो क्लबच्या वार्षिक स्पर्धेत 'नैसर्गिक' विभागात पहिला आलेला फोटो वर्षभर गावच्या सभागृहात लागतो. ऑल्विन पायबस, निवृत्त सरकारी मोजणीदार, नऊ वर्षं त्या भिंतीवर डोळा ठेवून होता. या खेपेला त्याने तळ्याकाठी अकरा पहाटा काढल्या. घरी कॉम्प्युटरवर केलं ते एवढंच, की कॅमेऱ्याने फिकट टिपलेला रंग डोळ्यांना दिसला होता तितका परत आणला. तेही बायकोला विचारून. "एवढाच होता ना गं?" ती म्हणाली, "थोडा जास्तच होता." ते थोडं त्याने सोडून दिलं. उगाच वादाला तोंड नको.

रविवारी दुपारी पडद्यावर त्याचं तळं आलं. परीक्षक हॅलोरनसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"सॉफ्टवेअर हाती आलं की माणूस निसर्गाला लाली-पावडर फासायला लागतो," ते दुःखाने म्हणाले. "तळं कधी गुलाबी असतं का?"

क्लबचा जुना दंडक आहे: परीक्षक बोलत असताना फोटो कुणाचा ते सांगायचं नाही आणि निकालावर वाद घालायचा नाही. पाहुणा चारशे किलोमीटर गाडी हाकत येतो, तोही फुकट. सभागृहात चौतीस माणसं होती. चौतीसच्या चौतीस जणांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. तळ्याकाठीच मेंढ्या चारणारा डुगाल्ड खोकला, पण तो नुसता खोकलाच निघाला.

पुढचा फोटो आला. तेच तळं, तेच वाकडं कुंपण. पाणी मात्र निळंशार.

"हा प्रामाणिकपणा," साहेब म्हणाले. "पहिला क्रमांक."

फोटो ग्लेनिस टकरचा. ऑल्विनने तिला चहाच्या टेबलापाशी गाठलं.

"ग्लेनिस, तू त्या पहाटे तळ्यावर माझ्या शेजारी उभी होतीस. माझ्याच थर्मासमधला चहा पीत होतीस."

"होते की."

"मग निळं?"

"फोनमध्ये फिल्टर आहे. बोट लावलं की झालं. गुलाबी काही खरं वाटेना रे. आणि विभागाचं नाव नैसर्गिक. म्हटलं, नैसर्गिक दिसेल असं करावं." तिने त्याच्या बशीत लॅमिंग्टन केकचा तुकडा ठेवला. "घे, तोंड गोड कर. आभार तुलाच मानायचेत."

खरंच होतं. पाहुण्यांचे आभार मानायच्या पाळीच्या तक्त्यात मार्च महिना ऑल्विनचा होता. तो उठला, साहेबांचे आभार मानले आणि शेवटी म्हणाला, "परतताना तळ्याच्या रस्त्याने जा. दहा मिनिटांचा फेरा पडेल."

क्लबच्या इतिहासात पाहुण्याला इतकं टोचून कुणी बोललं नव्हतं. दोघीतिघींनी कप खाली ठेवले.

साहेब गेले तळ्यावरून. आठवड्याने पत्र आलं. 'तळं पाहून धक्का बसला. पाण्यात कुणीतरी रंग सोडला आहे. गुलाबी फोटोवाल्या गृहस्थांची चौकशी व्हावी. एका बक्षिसासाठी माणूस कोणत्या थराला जातो!'

पत्र सचिवाच्या नावे होतं. सचिव ऑल्विनच होता. त्याने ते दोनदा वाचलं, फाइलला लावलं आणि शिडी घेऊन सभागृहात गेला, कारण गावातली लांब शिडीही त्याचीच होती. निळं तळं खिळ्यावर चढलं. खाली ग्लेनिस उभी.

"डावीकडे कललंय रे."

"सरळ आहे. पाणसळ लावून बघितलंय."

"असेल. पण वाटत नाही."

"ग्लेनिस, मी चाळीस वर्षं जमिनी मोजल्यात."

"तरी वाटत नाही."

ऑल्विनने पाणसळीकडे पाहिलं. बुडबुडा अगदी मधोमध होता. त्याने पाणसळ खिशात घातली आणि चौकटीची उजवी बाजू बोटभर खाली ओढली.

"आता कसं," ग्लेनिस म्हणाली, "सरळ झालं."