शिवणीच्या आतला पिवळा रंग

मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी म्हातारी आहे, काळी आहे आणि मधूनच एखादा टाका सोडते. गल्लीतली शोभाबाई मला भंगार म्हणते. तुम्हीही खुशाल म्हणा. पण भर कोर्टात ज्या शिवणीने एका मोठ्या माणसाला मान खाली घालायला लावली, ती शिवण माझी आहे. शिलाई मशीनच्या जातीत असं नशीब किती जणींच्या वाट्याला येतं?

माझा जन्म लुधियानाचा. काळं ओतीव लोखंड, त्यावर सोनेरी वेलबुट्टी. सुरतेत आले ती एका शिंप्याच्या दुकानात, आणि बारा वर्षं पँटी शिवल्या. मग त्याने विजेवर चालणारी मशीन घेतली आणि मला सुरतेतल्याच गोडादऱ्याच्या उषाबाईला विकलं. उषाबाई अमळनेरकडची, बोलणं अहिराणी. नवरा लोटू कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यात. तिथल्या खडखडाटाने त्याचा एक कान गेलेला, त्यामुळे माझ्या आवाजाने त्याची झोप कधी मोडली नाही. एका खोलीचं घर. त्यात उजेडाची जागा एकच, दाराजवळची, आणि ती मला मिळाली. गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज, साड्यांचे फॉल, पोरांचे फ्रॉक, सगळं माझ्याकडे यायचं. बायका यायच्या, उंबऱ्यावर बसायच्या आणि बोलायच्या. लोकांचं बोलणं मी जेवढं ऐकलंय तेवढं कुणी ऐकलं नसेल.

चौऱ्याण्णव साली प्लेगची हाकाटी झाली. घराला कुलूप लावून सगळे खानदेशात पळाले. दीड महिना मला ना तेल, ना फडकं. ओल लागली, आतून गंजले. टाका सोडायची खोड तेव्हाची. उषाबाई परत आली तेव्हा तिने आधी चूल पेटवली नाही, आधी मला तेल घातलं. हे मी विसरलेले नाही.

तिची मुलगी गायत्री. लांब हातापायांची, कमी बोलणारी. कॉलेजात गेली आणि कबड्डी खेळू लागली. पकड अशी, की एकदा पाय धरला की समोरची पोरगी गेलीच समजा. गोडादऱ्यातून कॉलेजच्या संघात जाणारी पहिली मुलगी. लोटू लूमवर प्रत्येकाला सांगायचा, न विचारता सांगायचा.

शहाण्णव साली संघाचे नवे शर्ट शिवायचं काम कॉलेजच्या क्रीडाशिक्षकाने उषाबाईला दिलं. त्याचं नाव मी घेणार नाही. माझी सुई त्याच्या नावाला शिवणार नाही. तेव्हा मात्र आम्हाला वाटलं, केवढा भला माणूस. पिवळे शर्ट, पाठीवर निळे आकडे. बाराही मुली आमच्या खोलीत आल्या, एकमेकींना ढकलत, हसत. उषाबाईने स्वतः टेप लावून एकेकीचं माप घेतलं. मी आठ दिवसांत बारा शर्ट शिवले. आयुष्यात पहिल्यांदा माझं काम मैदानावर पळणार होतं. शनिवारी गायत्री गठ्ठा घेऊन कॉलेजला गेली.

त्या संध्याकाळी तिने पाच नंबरचा शर्ट, म्हणजे स्वतःचाच, कपड्यांच्या टोपलीत टाकला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दमली असेल, असं सगळ्यांना वाटलं. रविवारी सकाळी उषाबाईने शर्ट उचलला, तर गळ्यापासून खांद्यापर्यंत कापड फाटलेलं. सोमवारी सामना. तिने काय केलं असेल? शिवणारी बाई जे करते तेच. फाटलेलं दिसलं की तिचा हात आपोआप सुईकडे जातो. फाटलेल्या कडा आत दुमडल्या, दुहेरी शिवण मारली आणि पोरीला चार शब्द सुनावले, की नवं कापड, एक दिवसही नीट वापरता येत नाही. कसं फाटलं, हे विचारलं नाही. मीही मुकाट्याने चालले. मला तरी कुठे कळलं?

गायत्री तो शर्ट घालून सात सामने खेळली. संघाने ढाल जिंकली. सरांच्या गळ्यात हार पडले.

मग राज्याच्या शिबिरासाठी दुसऱ्या शर्टांचं कापड आलं. उषाबाईने टेप काढला आणि गायत्रीच्या खांद्याला लावला, तशी ती मागे सरकत सरकत भिंतीला जाऊन चिकटली. तेव्हा कुठे उषाबाईने विचारलं, आणि तेव्हा कुठे पोरीने सांगितलं. त्या शनिवारी सरांनी शर्ट अंगात बसतो का बघायचं म्हणून मुलींना एकेकीला सामानाच्या खोलीत बोलावलं होतं. गायत्रीच्या अंगाला नको तिथे हात लावला. तिने हिसडा मारला, त्यात शर्ट फाटला आणि ती पळाली. मित्रांनो, मला एवढंच विचारायचंय. बारा मुलींची मापं उषाबाईने घेतलेली होती. मग ह्या माणसाला कसलं माप बघायचं होतं?

उषाबाईने माझ्या चाकावर हात ठेवला. म्हणाली, "पुरावा तं मीच शिवी टाका." खरंच, पुरावा तिनेच स्वतःच्या हाताने शिवून टाकला होता.

लोटूने दुसऱ्या दिवशी कामावर खाडा केला आणि पोरीला घेऊन पोलीस चौकीत गेला. शर्ट पोलिसांनी जमा करून घेतला.

आता लोकांचं ऐका. कॉलेजच्या पोरांनी मोर्चा काढला. तो सरांच्या बाजूने. ढालीची मिरवणूक निघाली होती त्याच रस्त्याने निघाला. पेपरात सरांच्या वीस वर्षांच्या सेवेवर अर्धं पान आलं. गायत्रीचं नाव पेपरात नव्हतं, पण गोडादऱ्यात नाव कळायला पेपर कशाला लागतो? पानाच्या टपरीवर लोक म्हणायचे, पोरीच्या जातीने चड्डी घालून मैदानात उतरायचंच कशाला? आणि सगळ्यात आवडतं बोलणं हे, की असं खरंच झालं असतं तर ती पुढे सात सामने खेळली असती का? जणू लाज वाटायची ती तिनेच आणि खेळ सोडायचा तोही तिनेच.

बायकांनी माझ्याकडे येणं बंद केलं. ऐन दिवाळीत ब्लाउजची टोपली रिकामी. शोभाबाई दारावरून जाताना मुद्दाम थांबायची आणि म्हणायची, "उषाबाई, तुन्ही मशीन उपाशी से का व?" मी लोखंडाची आहे, तरी मला ते लागायचं.

धुडकूदादा मुकादम हा आमच्या खानदेशी समाजातला वडीलधारा. तो घरी येऊन बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "पोरनं लगन व्हवानं से, लोटू. मिटाडी टाक. गाव हाशी ऱ्हायनं."

लोटूने चांगला कान त्याच्याकडे केला. "नाव त्यानं खराब व्हयनं, दादा. मन्ही पोरनं नही."

धुडकूदादा अर्धा चहा ठेवून उठला. मला त्या दिवशी लोटूचा असा अभिमान वाटला, की जागच्या जागी चाक फिरवावंसं वाटलं.

वर्षभर तारखा पडत राहिल्या. उषाबाईला एकच गोष्ट कुरतडत होती. शर्ट फाटलेला ठेवला असता तर कोर्टाला दाखवता आला असता. आता कोर्ट काय बघणार, माझे टाके?

त्या वर्षात माझ्याकडे एकच बाई ब्लाउज घेऊन आली. कामरेजहून बसने. नाव वत्सला. गायत्रीच्या चार वर्षं आधी ती ह्याच संघाची कप्तान होती. आता लग्न झालेलं, कडेवर मूल. ब्लाउजपीस पुढे केलं, माप द्यायला उभी राहिली, आणि टेप खांद्याला लागला तशी म्हणाली, "काकू, मलाही शर्ट बसतो का बघायलाच बोलावलं होतं."

उषाबाईच्या हातातला टेप खाली पडला. गायत्री आतून पुढे आली आणि तिने वत्सलाच्या कडेवरचं मूल घेतलं. मग वत्सला म्हणाली की ती कोर्टात येईल, नवऱ्याला सांगून आलीय. तो ब्लाउज मी त्याच दिवशी शिवला आणि एकही टाका सोडला नाही. खरं सांगते, मला जमलं ते.

उषाबाईची साक्ष झाली तेव्हा मी कोर्टात नव्हते. मला कोण उचलून नेणार? पण संध्याकाळी लोटूने मला तेल घालता घालता सगळं सांगितलं. बोलत होता मला, ऐकत होती सगळी गल्ली, कारण त्याचा आवाजच तसा.

सरांच्या वकिलाने तो शर्ट वर धरला आणि गुजरातीत विचारलं, बेन, आमां फाटेलुं क्यां छे? म्हणजे, बाई, ह्यात फाटलेलं आहे कुठे? आणि फाटला असला तरी काय, कबड्डीत शर्ट फाटतातच. कोर्टात हशा पिकला. उषाबाईने पदर खोचला. तिला घाबरल्यावर अहिराणीशिवाय दुसरं काही येत नाही. ती म्हणाली, "खेळमा फाटस, साहेब. पन हाऊ खेळाना पहिले फाटेल से. मीच शिवेल से, मीच उसवस."

न्यायाधीशांना कळेना. दारावरचा शिपाई धुळ्याचा निघाला, त्याने गुजरातीत सांगितलं, की शर्ट खेळायच्या आधीच फाटलेला आहे, हिनेच शिवलाय आणि हीच उसवून दाखवते. न्यायाधीशांनी परवानगी दिली. तिला एक ब्लेड दिलं गेलं. सगळ्यांदेखत तिने माझा एकेक टाका कापला. दुमड उलगडली. आणि मित्रांनो, आत काय होतं? पिवळा रंग. नवा कोरा. बाहेरून तो शर्ट सात सामन्यांत आणि धुण्यात विटून गेला होता, प्रत्येक शिवणीच्या कडेला मैदानाची लाल माती बसली होती, ती कधी निघत नाही. पण दुमडीत जे कापड मी रविवारी सकाळी बंद केलं, त्याला मातीचा कणही लागला नव्हता. फाटलेल्या कडा जशा फाटल्या तशाच. म्हणजे मैदानावर पाऊल ठेवायच्या आधीच तो फाटला होता. शर्ट कॉलेजात दिला शनिवारी. सामना सोमवारी. मधल्या काळात कुठे आणि कसा फाटला, ते गायत्रीने आधीच सांगितलं होतं.

सरांनी मान खाली घातली.

पुढच्या तारखेला वत्सला उभी राहिली. तिच्यानंतर संघातल्याच आणखी दोघी, ज्यांनी इतके दिवस तोंड उघडलं नव्हतं. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात निकाल लागला आणि त्या माणसाला शिक्षा झाली. कॉलेजने फळ्यावरच्या त्याच्या नावावर रंग फासला. मोर्चातली पोरं म्हणू लागली, आम्हाला आधीपासूनच शंका होती. धुडकूदादा पेढे घेऊन आला. लोटूने पेढा घेतला नाही. मला ते फार आवडलं.

आणि एका दुपारी शोभाबाई आली. उंबऱ्यापाशी उभी, आत येईना. हातात ब्लाउजपीस आणि मागे तिची चौदा वर्षांची पोरगी. म्हणाली, मशीन रिकामी असेल तर शिवून दे, आणि हिला कबड्डीला घालायचंय, गायत्रीने शिकवलं तर. बोलताना माझ्याकडेच बघत होती, उषाबाईकडे बघायची हिंमत नव्हती. उषाबाईने तिला बसायला पाट दिला. मी असते तर दिला नसता. पण मी मशीन आहे आणि ती उषाबाई आहे.

गायत्री आता पोरींना शिकवते. पाच नंबरचा तो शर्ट कोर्टातून परत मिळाला, तो माझ्या खणात घडी करून ठेवलाय, उसवलेलाच. कुणी शिवू म्हटलं तरी उषाबाई शिवू देत नाही.

मला तेल घाला, झाकून ठेवा, हे तुम्हाला सगळ्या मशीनी सांगतील. माझं मागणं वेगळं आहे. घरी काही फाटलेलं आलं, तर सुई हातात घ्यायच्या आधी थांबा. ज्याने आणलंय त्याला जवळ बसवा आणि विचारा, कसं फाटलं? शिवायला मी आहेच. विचारायचं तुम्हालाच आहे.