वीस एमबीत बसतील तेवढे

"वरचे चोवीस कशाचे?" अध्यक्ष शिवशंकरअप्पांनी विचारलं.

शिवकन्याच्या हातातला खडू हातातच राहिला. मंगल कार्यालयाच्या माडीवर, पंगतीचे पाट रचून ठेवतात त्या खोलीत तिने फळा टांगून घेतला होता. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: एक हजार चोवीस बाइट म्हणजे एक केबी, एक हजार चोवीस केबी म्हणजे एक एमबी. समोर समाजाच्या वधू-वर मंडळाची कार्यकारिणी मांडी घालून बसली होती. श्रावणी सोमवार होता, त्यामुळे प्रत्येकापुढे साबुदाण्याची बशी होती, आणि लक्ष फळ्यापेक्षा बशीकडेच जास्त होतं.

"कॉम्प्युटरचा हिशेब दोनाच्या पटीत चालतो, काका. म्हणून हजारावर चोवीस."

"म्हंजी कडता," अध्यक्ष बाकीच्यांकडे वळून म्हणाले. मोंढ्यात त्यांची धान्याची आडत होती. पोत्यामागे वरचं वजन कापून घेतात तो कडता, हे परळीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. "आमी घेतला की कास्तकार वरडतो. ह्ये कॉम्प्युटरवाले घेतेत, तर त्याला गणित म्हणायचं."

सगळे हसले. शिवकन्याही हसली, कारण न हसून भागणारं नव्हतं. दुपारपासून ती हेच समजावत होती. मंडळाच्या वेबसाइटसाठी पुण्याच्या एका कंपनीकडून वीस एमबी जागा घेतली होती. जागा म्हणजे खोली असती तर तिने सगळ्यांना हाताला धरून आत नेलं असतं आणि दाखवलं असतं, बघा, इथे भिंत आहे, याच्या पुढे पलंग सरकत नाही. पण ही जागा कुठे होती हे तिलाही धड ठाऊक नव्हतं.

त्यात मूळ चूक तिचीच होती, आणि म्हणून आवाज चढवायचीही सोय नव्हती. चैत्रात तिनेच अंदाज दिला होता. सव्वातीनशेच्या आसपास मुलामुलींची माहिती. एकाची माहिती टाइप केली तर दोन केबी, फोटो वीस केबी. सगळं मिळून सात एमबीच्या आसपास. 'वीस म्हणजे लई झाले,' असं ती आमसभेत म्हणाली होती. सभेने वीस एमबीचा ठराव केला आणि वर्षाचा करार झाला. मग तिने पहिलं पान चढवलं, तर पुण्याहून त्या कंपनीतल्या पोराचा फोन आला: मॅडम, पानावर नुसता इंग्रजी अक्षरांचा भुगा दिसतोय. मराठी अक्षरांचा फॉन्ट तिच्या कॉम्प्युटरवर होता. तो जगात दुसरीकडेही असेल, हे तिने गृहीतच धरलं होतं. आता उपाय एकच होता, प्रत्येक पानाचं चित्र करायचं. चित्र केलं की दोन केबीचं पान चाळीस केबीचं झालं. आणखी दाबलं तर अक्षरं वाचता येईनात.

तरीही सगळे कसेबसे मावले असते. पण कार्यकारिणीचे अकरा फोटो होते, डोक्याला रुमाल बांधून, स्टुडिओत बसून काढलेले. त्यावर बोट दाबलं की फोटो पडदाभर झाला पाहिजे, अशी अध्यक्षांची अट होती. अकरा फोटोंनी वीसची रेघ ओलांडली.

"हे फोटो लहान केले की सगळे बसतेत," शिवकन्या म्हणाली. "तुमच्या अकरा जणांच्या जागेत चाळीस जण बसतेत, काका. माहितीसकट."

शिवशंकरअप्पांनी बशी खाली ठेवली.

"चाळीस म्हंजी पुनर्विवाहाचं पान की. बराबर चाळीसच हायेत." त्यांना उत्तर सापडल्याचा खरोखर आनंद झाला होता. "ते पान मागं ठिवू. पुढच्या साली बघता येतंय. पयल्या लग्नाचं स्थळ बघायला आलेल्या मानसाला ते पान दिसलं की मन खट्टू व्हतंय, बाई. तू लेकरू हाईस, तुला न्हाई कळायचं."

शिवकन्या अडतीस वर्षांची होती. तिने उजवीकडच्या कोपऱ्यात बसलेल्या चिटणिसांकडे पाहिलं. चिटणीस म्हणजे तिचे वडील, ईश्वरप्पा. ते साबुदाण्यातले शेंगदाणे चमच्याने एका बाजूला सारत होते. चाळिसांतला एक कागद त्यांच्या घरातला होता. हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि म्हणूनच कुणी त्यांच्याकडे पाहत नव्हतं. ठराव झाला. चिटणिसांनी लिहून घेतला.

शिवकन्याचं सासर-माहेर दोन्ही परळीतच. कॉम्प्युटरचा क्लास माहेरच्या पुढच्या खोलीत चालायचा. ती परत आली तेव्हा रोहिणी कॉम्प्युटरांवर फडकी टाकत होती. रोहिणी तिची भावजय. शिवकन्याचा भाऊ रवि चार वर्षांपूर्वी सिरसाळ्याच्या रस्त्यावर जीपच्या अपघातात गेला, तेव्हा ती चोवीसची होती. मूलबाळ नव्हतं. माहेरी लिंबागणेशला म्हातारी आई तेवढी होती. सासऱ्यांना टाकून जायचं नाही म्हणून ती इथेच राहिली, आणि ईश्वरप्पांनीही जा म्हटलं नाही, राहा म्हटलं नाही.

पुनर्विवाहासाठी नाव द्यायला तिला तयार करता करता शिवकन्याच्या तोंडाला वर्षभर फेस आला होता. गेल्या साली मंडळाच्या छापील पुस्तकात तिचं नाव आलं, पण शेवटच्या पानांवर, फोटोशिवाय. कुणीही विचारणा केली नाही. फोटो नाही म्हणजे काहीतरी दडवलं असणार, असं एका बाईने तोंडावर म्हणून दाखवलं होतं. या खेपेला फोटो छापायचा खर्च नव्हता, म्हणून शिवकन्याने सगळा जीव या वेबसाइटीत घातला होता. हैदराबाद-सोलापूरकडे नोकरीला असलेला एखादा चांगला माणूस तिचं तोंड तरी बघेल, एवढीच तिची अपेक्षा होती.

"बसलं का समदं?" रोहिणीने विचारलं.

शिवकन्याने सांगितलं. रोहिणीने फडक्याची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"बरं झालं, अक्का. मला तसंबी..."

"तुझं 'बरं झालं' मला ऐकायचं न्हाई," शिवकन्या म्हणाली. उपास, ऊन आणि अकरा पुरुषांना दुपारभर शिकवणं, याचा सगळा राग त्या बिचारीवर निघाला आणि निघताक्षणी तिला त्याचीही लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती वडिलांच्या कापडदुकानात गेली. ईश्वरप्पा एका गिऱ्हाइकाला लुगडं दाखवत होते. गिऱ्हाईक जाईपर्यंत ती उभी राहिली, मग विचारलं, "काल तुमी कावून बोलला न्हाईत, आप्पा?"

त्यांनी लुगड्याची मोडलेली घडी पुन्हा बसवायला घेतली. "मी सासरा हाय तिचा. मी बोललो तर काय म्हनतेल लोक? म्हातारा सुनंला घालवायला निघाला. लेक गेला, आता तिची आडगळ झाली."

"अन् न्हाई बोललात तर काय म्हनतेल?"

"न्हाई बोललं तर कुनी काई म्हनत न्हाई, बाई."

हे खरं होतं, आणि तेच ऐकून तिचं डोकं उठलं. चिडायला समोर वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. अध्यक्ष स्वतःच्या वाड्यात दर श्रावणात समाजाच्या जंगम पुरोहितांना जेवू घालणारे, आप्पा मुंगीलासुद्धा बाजूला करून चालणारे. कुणाचाच कुणावर राग नव्हता. आणि चाळीस माणसं मागे राहत होती.

पुण्याला फोन करून तिने आणखी जागा मागितली. जागा होती, पण अध्यक्षांच्या सहीचं पत्र हवं. अध्यक्षांनी सांगितलं, आमसभेत वीसचा ठराव हाय, मी एकविसावर सही कशी करू? वरून, फोटोंना परस्पर हात लावायचा नाही, असंही बजावलं. रोज संध्याकाळी ते क्लासवर येऊन स्वतःचा फोटो पडदाभर करून बघत आणि मान हलवून जात. एकदा त्यांनी विचारलं, मिशीचा एकेक केस दिसतोय, याला किती एमबी लागले असतील?

मार्ग सुचला तो गुरुवारी, पोरांना इंग्रजीत पत्र टाइप करायला शिकवताना. इंग्रजी अक्षरांना वेगळा फॉन्ट लागत नाही, ती कुठेही दिसतात. त्यांचं चित्र करावं लागत नाही. चाळीस जणांची माहिती इंग्रजीत टाइप केली, तर पान चाळीस केबीवरून पुन्हा दोनवर येतं. इतकी साधी गोष्ट तिला चार दिवस सुचली नव्हती, याचाही तिला संताप आला.

दुपारी क्लास रिकामा झाल्यावर ती टाइप करायला बसली आणि रोहिणी शेजारी बसून एकेक कागद वाचू लागली. वय, उंची, शिक्षण, गाव. मग तो रकाना. पती निधन, ट्रक. पती निधन, आजार. कायदेशीर फारकत. धर्मापुरीच्या एका मुलीने त्या रकान्यात लिहिलं होतं, सहा महिन्यांत माहेरी पाठवली, कारण सांगितले नाही. एका पुरुषाने लिहिलं होतं, पत्नी बाळंतपणात वारली, मुलगी तीन वर्षांची आहे, स्वयंपाक येतो. वडवणीच्या एकीच्या कागदावर अपेक्षा या शब्दापुढे नुसतं लिहिलं होतं: मारू नये. शिवकन्याची बोटं थांबली.

"ह्ये कसं लिवायचं?"

"जसं हाय तसं," रोहिणी म्हणाली.

रोहिणीने स्वतःचा कागद सगळ्यांत खाली ठेवला होता. तो वाचताना तिचा आवाज जराही बदलला नाही. जणू तोही वडवणीचा, धर्मापुरीचा कुणाचातरी होता.

शनिवारी सगळं चढवायला घेतलं. इंटरनेट तेव्हा टेलिफोनच्या लाइनीवरूनच चालायचं. फोन लावायचा, तो लागेपर्यंत थांबायचं, थोडं चढलं की लाइन तुटायची, पुन्हा लावायचं. शिवकन्याचा नवरा डबा देऊन गेला तरी ती खुर्चीवरून उठली नव्हती. शेवटी, अगदी काठावर, पडद्यावर इंग्रजीत वाक्य आलं: जागा शिल्लक नाही. शेवटचे चार फोटो बाहेर राहिले होते. त्यात तळाचा रोहिणीचा.

शिवकन्याने कपाळ टेबलावर टेकवलं. अख्ख्या गणितात चार फोटो, ऐंशी केबी. अध्यक्षांच्या मिशीतच तेवढी जागा निघाली असती.

"माझ्या फोटोला किती जागा लागती?"

ईश्वरप्पा मधल्या दारात उभे होते. दुपारच्या जेवणाला ते घरी यायचे आणि मधल्या खोलीत आडवे व्हायचे. दोन खोल्यांमध्ये नुसता पडदा होता. गुरुवारी दुपारभर कागद वाचले जात होते तेव्हाही ते तिथेच होते, हे शिवकन्याच्या आत्ता ध्यानात आलं.

"तुमच्या एकट्याच्या जागेत हे चारी बसून उरतेत," ती म्हणाली.

"मग काढ."

"काका बोलतेल तुमाला. चिटणिसाचा फोटो न्हाई म्हनल्यावर समदे इचारतेल."

"इचारू दे," ते म्हणाले. "म्या घालवायलोच हाय तिला. चांगल्या घरी घालवायलोय. आसं सांगीन."

आणि ते दुकानात निघून गेले.

श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी संध्याकाळी, उपास सोडायच्या वेळेला, मंगल कार्यालयात वेबसाइट उघडली. टेबलावर कॉम्प्युटर, त्याला झेंडूची माळ, शेजारी समई. शिवशंकरअप्पांनी नारळ फोडला आणि शिवकन्याने हात धरून दाखवलं तिथे बोट दाबलं. कार्यकारिणीचं पान उघडलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. दहा रुमाल, दहा चेहरे, आणि एक रिकामा चौकोन. त्याखाली लिहिलेलं: चिटणीस, ईश्वरप्पा.

"आप्पा, तुमचा फोटो?" अध्यक्षांनी विचारलं.

"जागा लागत व्हती," ईश्वरप्पा म्हणाले.

"कुनाला?"

ईश्वरप्पांनी जे सांगायचं ठरवलं होतं ते सांगितलं. मोठ्याने नाही, पण पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं. शिवकन्याने उरलेलं सांगितलं: पुनर्विवाहाचं पान आहे, पण सगळं वीसच्या आत आहे, ठराव मोडलेला नाही. शिवशंकरअप्पा काहीतरी बोलणार होते. त्यांनी पुन्हा एकदा त्या रिकाम्या चौकोनाकडे पाहिलं, मग स्वतःच्या फोटोकडे. "पानं वाढलीत," असं म्हणून ते लोकांना जेवायला घेऊन गेले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

हॉल रिकामा झाला. ईश्वरप्पा मात्र खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसले. "ते पान लाव," म्हणाले.

शिवकन्याने लावलं. फोनची लाइन मंद होती. इंग्रजी अक्षरं लगेच आली, रोहिणीचा फोटो मात्र वरून खाली, एकेक पट्टी करत उतरू लागला. आधी केसांचा भांग, मग कपाळावरचं भस्म. मग रेघ थांबली. पुन्हा सुरू झाली. भुवया आल्या.

दहा वर्षं रोहिणीने सासऱ्यांसमोर डोईवरचा पदर ढळू दिला नव्हता, आणि ईश्वरप्पांनी तिला सांगायचं ते नेहमी जमिनीकडे किंवा भिंतीकडे बघून सांगितलं होतं. फोटोत तिच्या डोईवर पदर नव्हता. भांग दिसला तशी त्यांनी मान खाली घातली होती. हात गुडघ्यांवर ठेवून ते फरशीकडे बघत बसले.

पंगतीतून वाढप्यांचे आवाज येत होते. कुणीतरी आप्पांना जेवायला हाक मारली. ते उठले नाहीत.

"आली का पुरती?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

शिवकन्याने पडद्याकडे पाहिलं. हनुवटीची शेवटची पट्टी यायची होती.

"येतीय, आप्पा."

"येऊ दे," ते म्हणाले, आणि तसेच बसून राहिले.